लघवीत साखर चार प्लस, रक्तात मात्र १२४. हे कसं?

माणदेशी लेक

आमचे अण्णा ६८ वर्षांचे. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. मधुमेह पंधरा वर्षांपासूनचा. मार्चमध्ये डॉक्टरांनी जुन्या गोळीच्या जोडीला डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम सुरू केली. गेल्या आठवड्यात रक्त-लघवी तपासली. उपाशीपोटीची साखर १२४ आली. इतका चांगला आकडा गेल्या कित्येक वर्षांत मी पाहिला नव्हता. पण लघवीच्या कागदावर साखरेपुढे चार अधिकची चिन्हं.

रिपोर्ट देणाऱ्या मुलाने "काका, शुगर फार वाढलीय, गोड बंद करा" असं सांगून टाकलं. शेजारच्यांनी वर भर घातली, की ही नवी गोळी किडनी खराब करते आणि म्हणूनच साखर गळायला लागली. अण्णांनी त्याच संध्याकाळी गोळी बंद केली. मी पुण्यात असते, मला दोन दिवसांनी फोनवर कळलं. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "गोळीचं कामच ते आहे, आजच सुरू करा." दवाखान्यात गर्दी होती, पुढे विचारता आलं नाही.

अण्णांनी गोळी घेतली, पण मन मानत नाही. ते म्हणतात, "चाळणीची भोकं मोठी झाली की पिठाबरोबर कोंडाही खाली येतो. माझ्या किडनीची भोकं मोठी झाली असणार." यावर मला उत्तर देता आलं नाही. मी कॉमर्सची. दहावीत मूत्रपिंडाची आकृती काढल्याचं आठवतं आणि "मूत्रपिंड रक्त गाळते" हे एक वाक्य. रक्तात साखर बेताची असताना ती लघवीत येते कुठून? आणि गाळणीला काय कळतं, कुठला पदार्थ टाकायचा आणि कुठला ठेवायचा?

कृपया अण्णांना वाचून दाखवता येईल असं लिहा. शाळा सातवीपर्यंत झाली आहे, पण तीस वर्षं तिकिटांचा पैशापैशाचा हिशेब दिलाय. आकडे त्यांना बरोबर कळतात. आषाढीला गावच्या दिंडीतून पंढरपूरला चालत जातात, यंदाही जायचं म्हणतात. त्याचीही काळजी आहे.

रानवारा

माझ्या मामांना हीच गोळी आहे आणि त्यांच्याही लघवीत कायम साखर दाखवते. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही. गोळी मनाने बंद करू देऊ नका. पण अण्णांचा प्रश्न बरोबर वाटतो. मीही असंच धरून चाललो होतो, की चाळणीतून वाईट खाली जातं आणि चांगलं वर राहतं. मग साखर खाली का जावी? जाणकारांनी लिहावं.

कृष्णाकाठ

ताई, मी डॉक्टर नाही. सांगली जिल्ह्यात १९ वर्षं डायलिसिस टेक्निशियन म्हणून काम करतो. माझा सगळा दिवस बंद पडलेल्या मूत्रपिंडांच्या माणसांमध्ये जातो, त्यामुळे चालू मूत्रपिंड काय करतं याबद्दल मला फार आदर आहे. अण्णांसाठी सविस्तर लिहितो.

अण्णा, तुमची भोकं मोठी झालेली नाहीत. साखर त्या भोकांतून आधीपासूनच खाली जाते. तुमची, माझी, काल जन्मलेल्या बाळाचीसुद्धा. मूत्रपिंडाची चाळणी चांगलं-वाईट ओळखतच नाही. ती फक्त आकार बघते, आणि थोडाफार विद्युतभार. रक्तातल्या पेशी मोठ्या, त्या वर राहतात. अल्ब्युमिन नावाचं प्रथिन मोठं, तेही वर राहतं. बाकी जे जे बारीक आहे ते सगळं पाण्याबरोबर खाली उतरतं. साखर, मीठ, पोटॅशियम, अमिनो आम्लं, युरिया आणि क्रिएटिनिन हा शरीरातला कचरा, सगळं एकाच पन्हाळीतून.

आता हिशेब बघा. दोन मूत्रपिंडांचं वजन मिळून साधारण तीनशे ग्रॅम, पण हृदयातून निघालेल्या रक्तापैकी जवळपास पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. मिनिटाला सव्वा लिटरच्या आसपास. त्यातलं सुमारे १२५ मिलिलिटर पाणी दर मिनिटाला गाळून खाली पडतं. दिवसाचे होतात १८० लिटर. म्हणजे घरातली पाण्याची २०० लिटरची टाकी जवळजवळ भरते. तरुण, निरोगी माणसाचा हा आकडा, वयाप्रमाणे तो कमी होतो. अंगात रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, तीन लिटरच्या आसपास असतो. तो दिवसातून साठेक वेळा गाळला जातो.

या १८० लिटरमध्ये साखर किती? रक्तातली साखर १०० असेल, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम, तर लिटरला १ ग्रॅम. म्हणजे रोज १८० ग्रॅम साखर चाळणीखाली जाते. मीठ मोजलं तर जवळजवळ दीड किलो! आणि माणसाला लघवी होते दीड-दोन लिटर, त्यात मीठ काही ग्रॅम आणि साखर जवळपास शून्य.

मग बाकीचं गेलं कुठं? परत रक्तात. मूत्रपिंडाचं खरं मोठं काम हेच आहे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे वर एक चाळणीचा गुच्छ आणि त्याखाली लांब, वळणावळणाची नळी. गाळलेलं पाणी त्या नळीतून वाहत जातं तेव्हा नळीच्या भिंतीतल्या पेशी एकेक कामाची वस्तू उचलून शेजारच्या रक्तवाहिनीत परत टाकत असतात. नळीच्या पहिल्या वळणातच दोन तृतीयांश पाणी आणि मीठ परत घेतलेलं असतं, आणि साखर सगळीच्या सगळी.

साखर उचलायला त्या भिंतीत खास वाहक प्रथिनं बसलेली असतात. एसजीएलटी-२ नावाचे वाहक सुरुवातीलाच नव्वद टक्के साखर उचलतात. राहिलेली पुढे एसजीएलटी-१ उचलतात. पण वाहकांची संख्या ठरलेली आहे. एसटीतल्या सीटसारखीच म्हणा. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की सीटा भरतात आणि उरलेली साखर लघवीत उतरते. पूर्वी निळं द्रावण घालून लघवी उकळायचे आणि विटकरी रंग आला की साखर वाढली म्हणायचे, ते याच नियमावर. तुम्हाला रिपोर्ट देणाऱ्या मुलाच्या डोक्यात तोच नियम होता. तो चुकीचा नाही, पण ही गोळी घेणाऱ्याला लागू पडत नाही.

तुमची गोळी एसजीएलटी-२ च्या दाराला कुलूप लावते. चाळणीला ती हातही लावत नाही. खाली गेलेली साखर परत उचलली जात नाही म्हणून ती लघवीत येते, रक्तात १२४ असली तरी. पुढचे एसजीएलटी-१ जास्तीचं काम करून बरीच साखर वाचवतात, म्हणून सगळी साखर वाहून जात नाही. मधुमेहाच्या माणसाची दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम जाते. मूत्रपिंडाचं काम मंद झालं असेल तर आणखी कमी. म्हणजे गोळी चालू आहे तोवर लघवीच्या कागदावर चार प्लस येणारच. गोळी पोटात गेल्याची ती पावती आहे. साखर किती आटोक्यात आहे ते रक्तावरून बघायचं आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी या तपासणीवरून.

भोकं खरोखर मोठी झाली तर काय दिसेल, तेही सांगतो. चाळणी बिघडली की वर राहायची ती वस्तू खाली यायला लागते. ती वस्तू म्हणजे प्रथिन. त्याच कागदावर साखरेच्या आसपास "प्रोटीन" किंवा "अल्ब्युमिन" अशी ओळ असेल. ती वाचा. तिथे "निल" असेल तर बरं. तरी वर्षातून एकदा लघवीतल्या सूक्ष्म अल्ब्युमिनची वेगळी तपासणी मधुमेहाच्या प्रत्येकाने करावी, कारण थोडं गळत असेल तर साध्या पट्टीवर दिसत नाही. आमच्याकडे मशीनवर येणाऱ्या कितीतरी लोकांनी ती तपासणी आयुष्यात एकदाही केलेली नसते. याचं मला रोज वाईट वाटतं.

माझ्या मशीनबद्दल एक सांगतो, म्हणजे परत घेण्याची किंमत कळेल. आमचं मशीन परत घेऊ शकत नाही. त्याच्या गाळणीत, म्हणजे डायलायझरमध्ये, केसासारख्या हजारो पोकळ नळ्या असतात. आतून रुग्णाचं रक्त जातं, बाहेरून आम्ही तयार केलेलं पाणी. बारीक वस्तू दोन्हीकडून समान व्हायला बघतात. युरिया पाण्यात येतो, कारण पाण्यात युरिया नाही. पण सोडियम येऊन चालणार नाही, साखर येऊन चालणार नाही. एकदा गेली की परत आणायला मशीनमध्ये पेशी कुठे आहेत? म्हणून आम्ही पाण्यातच सोडियम रक्ताइतकं ठेवतो, साखरही घालतो, म्हणजे ती निघायलाच नको. चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध पाणी मशीनमधून जातं, आणि असं आठवड्यातून तीनदा. तेवढं करूनसुद्धा रुग्णाने शहाळं किती घ्यायचं, डाळ किती, पाणी किती, हे मापानेच. निरोगी माणसाचे वीस लाख नेफ्रॉन हे काम झोपेतसुद्धा करतात.

माणदेशी लेक

दादा, किती उपकार मानू! काल रात्री फोनवर सगळं वाचून दाखवलं. अण्णांनी चष्मा लावून कागद शोधला आणि "प्रोटीन निल" असं मोठ्याने वाचलं. मग बराच वेळ गप्प होते. म्हणाले, "म्हणजे गळत नव्हतं, परत घेणाऱ्याला आपण थांबवलंय." गोळी आता चालू आहे.

पण त्यांनी एक प्रश्न विचारलाय, तो मलाही पडला. आधी १८० लिटर खाली टाकायचं आणि मग १७८ लिटर उचलून परत न्यायचं, हा उलटा कारभार कशाला? टाकायचं तेवढंच टाकलं असतं तर? आणि हे कुणी बघितलं कसं, इतक्या बारीक नळ्यांमध्ये?

सायंतारा

मी नागपूरला शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. अण्णांचा प्रश्न वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारायचं आणि मला तो फार आवडायचा.

आधी "कुणी बघितलं" ते. १८४२ मध्ये लंडनच्या विल्यम बोमन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं, की केशवाहिन्यांचा गुच्छ ज्या पिशवीत असतो ती नळीला जोडलेली आहे. त्याच वर्षी जर्मनीतल्या कार्ल लुडविग यांनी मांडलं, की रक्ताच्या दाबाने गुच्छातून पाणी गाळलं जात असावं आणि नळीत त्यातलं बरंचसं परत शोषलं जात असावं. पण पुरावा नव्हता. ऐंशी वर्षं वाद चालला. फिलाडेल्फियात ए. एन. रिचर्ड्स आणि जोसेफ वेअर्न यांनी तो पुरावा बेडकात मिळवला. बेडकाचं मूत्रपिंड पातळ, त्याचे गुच्छ सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत दिसतात. काचेची केसाहून बारीक नळी करून त्यांनी ती त्या पिशवीत खुपसली आणि थेंबाचाही अंश असलेलं पाणी बाहेर काढलं. त्यात साखर होती, क्लोराइडही होतं. आणि त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत ते नव्हतं! वरच्या टोकाला आहे, खालच्या टोकाला नाही, म्हणजे वाटेत कुणीतरी परत घेतलं. १९२४ मध्ये हे छापून आलं. हा प्रयोग शिकवताना माझ्या अंगावर दरवेळी काटा यायचा.

तुमच्या गोळीची गोष्टही जुनी आहे. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन नावाचा पदार्थ मिळाला. १८८६ मध्ये फॉन मेरिंग यांना दिसलं, की तो दिला की लघवीतून साखर जायला लागते. पुढे त्याच रचनेवर काम करत आजच्या गोळ्या तयार झाल्या.

आता उलटा कारभार. दिवाळीच्या आधी घर झाडताना आपण माळ्यावरचं एकेक अडगळीचं सामान शोधत बसत नाही. सगळं अंगणात काढतो आणि कामाचं तेवढं आत घेतो. उरतं ती अडगळ, ती कुठली कुठली हे ओळखायचीही गरज नाही. शरीरात रोज नवी अडगळ येते. एखादं औषध, एखाद्या भाजीतला कडू अंश, शंभर वर्षांपूर्वी जगात नसलेलं रसायन. प्रत्येकासाठी वेगळा बाहेरचा दरवाजा ठेवणं शक्य नाही. पण साखर, मीठ, अमिनो आम्लं ही घरची माणसं ओळखीची आणि मोजकी. त्यांच्यासाठी आत यायचे दरवाजे ठेवले की काम झालं. शिवाय सगळं रक्त इतक्या वेळा बाहेर काढून आत घेतल्यामुळे पाणी, मीठ, आम्लता यांत थोडाही फरक पडला तर तो दुरुस्त करता येतो.

पाणी परत घ्यायची युक्ती तर फारच सुंदर आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की रात्रीतून पाणी सुटतं ना? मूत्रपिंडाचा आतला गाभा असाच खारट ठेवलेला असतो, सर्वांत खोल भागात रक्ताच्या चौपट. नळी गाभ्यात खाली उतरून परत वर चढते, त्याला हेन्लेचं वळण म्हणतात; त्याच्या चढत्या बाजूतून मीठ बाहेर उपसून हा खारटपणा टिकवला जातो. शेवटची गोळा करणारी नळी त्या खारट भागातून खाली उतरते. शरीराला पाणी हवं असेल तर मेंदूकडून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक येतं, नळीच्या भिंतीत पाण्याची दारं उघडतात आणि पाणी त्या खारट गाभ्याकडे ओढलं जातं. लघवी थोडी आणि गडद होते. ही पाण्याची दारं म्हणजे अ‍ॅक्वापोरिन. त्यांच्या शोधाबद्दल पीटर आग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. व्हॅसोप्रेसिन अजिबात नसेल तर दिवसाला पंधरा-वीस लिटरही लघवी होऊ शकते.

कृष्णाकाठ

सायंतारा मॅडम, बेडकाची गोष्ट मला माहीत नव्हती. उद्या आमच्या मुलांना सांगतो.

एक भाग राहिला, आणि तो माझ्या रोजच्या कामाचा आहे. गाळणं झालं, परत घेणं झालं. तिसरं काम म्हणजे नळीच्या भिंतीतून उलट दिशेने वस्तू बाहेर टाकणं, म्हणजे स्राव. चाळणीतून जे पुरेसं गेलं नाही ते पेशी रक्तातून उचलून सरळ नळीत टाकतात. आम्ल, अनेक औषधं, थोडं क्रिएटिनिन, आणि सगळ्यात महत्त्वाचं पोटॅशियम. गाळलेलं पोटॅशियम बहुतेक सगळं परत घेतलं जातं आणि नळीच्या शेवटच्या टप्प्यात जरुरीपुरतं पुन्हा बाहेर टाकलं जातं. केळी खाल्ली तर जास्त, उपास असला तर कमी. त्या टप्प्यावर अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाचा हुकूम चालतो.

हे बंद पडलं की काय होतं ते मी बघितलंय. एक टोमॅटोवाले शेतकरी होते. शनिवारी डायलिसिस झालं, रविवारी शेतात ऊन लागलं म्हणून दोन शहाळी प्यायले. मंगळवारी आले ते दोघांनी धरून, पाय उचलत नव्हते. पोटॅशियम ७.४. हृदय कधीही थांबलं असतं. लगेच मशीनला घेतलं, चार तासांनी स्वतःच्या पायांनी चालत गेले. तुमच्या-माझ्या नळीने ती दोन शहाळी काही तासांत बाहेर टाकली असती आणि आपल्याला कळलंही नसतं.

स्रावाची ताकद पेनिसिलिनने सगळ्या जगाला दाखवली. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसावर पेनिसिलिनचा उपचार केला. औषध तोळामासा, आणि नळीच्या पेशी ते भराभर लघवीत टाकत होत्या. डॉक्टरांनी त्याची लघवी गोळा करून त्यातून पेनिसिलिन परत काढलं आणि पुन्हा टोचलं. माणूस सुधारला होता, पण साठा संपला आणि तो गेला. पुढे हा स्राव अडवणारं प्रोबेनेसिड हे औषध आलं.

आता दिंडी. अण्णांनी जावं की नाही हे त्यांचे डॉक्टर सांगतील. त्यांच्यासमोर काय मांडायचं ते मी सांगतो.

चाळणीला दाब लागतो. गुच्छात रक्त आणणारी वाहिनी रुंद आणि बाहेर नेणारी अरुंद असते. पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबलं की मागे दाब चढतो, तसा तिथला दाब टिकतो. उन्हात घाम जाऊन पाणी कमी झालं की दाब उतरतो. मग शरीर आत आणणारी वाहिनी ताणून उघडी ठेवतं. दुखण्यावरच्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या नेमकं तेच बंद करतात. त्यात बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर बाहेरची वाहिनीही सैल होते. दोन्हीकडून दाब जातो आणि गाळणं मंदावतं. चालून पाय दुखले की वाटेत कुणीही प्रेमाने अशी गोळी हातावर ठेवतं. अण्णांनी ती घेऊ नये. पाय दुखले तर पॅरासिटामॉल चालेल का, ते आधीच विचारून ठेवा.

दुसरं, ही नवी गोळी साखरेबरोबर पाणीही थोडं नेते. उलट्या, जुलाब झाले किंवा एकादशीला पोटात काहीच नसेल तर तेवढे दिवस ती थांबवायची का, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. जेवण बंद आणि गोळी चालू असली तर रक्तात साखर चांगली दिसत असतानाही कीटोन, म्हणजे चरबी जळून तयार होणारी आम्लं, वाढू शकतात. पोटात दुखतंय, मळमळतंय, धाप लागतेय असं झालं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा आणि गोळीचं नाव सांगायचं. ऑपरेशन ठरलं तरी आधी सांगायचं, तीन दिवस आधी ती थांबवतात. लघवीची जागा रोज साध्या पाण्याने स्वच्छ ठेवा, साखरेमुळे तिथे बुरशी धरते. दिंडीत आंघोळीची गैरसोय असते म्हणून मुद्दाम लिहितो.

निघायच्या आठ-दहा दिवस आधी क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतलं अल्ब्युमिन बघून घ्या. गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन किंचित वाढलेलं दिसू शकतं. ते बघून अण्णांनी पुन्हा गोळी बंद करू नये, कागद डॉक्टरांना दाखवावा.

माणदेशी लेक

शनिवारची वेळ घेतली आहे, मी स्वतः गावी येऊन सोबत जाते. अण्णांच्या बीपीच्या गोळीचं नाव बघितलं, टेल्मिसार्टनच आहे. आणि गेल्या वर्षी वाखरीला पाय सुजले तेव्हा कुणीतरी दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या चार दिवस घेतल्या होत्या, हे त्यांनी आज पहिल्यांदा सांगितलं. तेही डॉक्टरांना सांगते.